मागे राहणाऱ्याचा देश

सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क लावलं आणि त्या दिवाळीत आमच्याकडे चकल्यांबरोबर एक जुना वादही पुन्हा तळून निघाला. ‘आता तरी परत या, किती दिवस दुसऱ्याच्या ओसरीवर राहणार?’ असं म्हणणारे एकीकडे. ‘परत येऊन करू काय, सिंहगड रस्त्यावर उभा राहून हॉर्न ऐकू?’ म्हणणारे दुसरीकडे. पहिल्यांकडे माती, माणसं, संस्कृती असे शब्द होते. दुसऱ्यांकडे एक्सेलची फाइल होती. मी दोन्हीकडचं ऐकत चिवड्यातले शेंगदाणे वेचून खात होते. तासाभराने लक्षात आलं, की एक अगदी साधा प्रश्न कुणीच विचारलेला नाही. तिथे चार जोडपी बसली होती. प्रत्येकातलं एक माणूस आधी जग सोडून जाणार. मग उरलेलं कुठे राहणार?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. परदेशात नोकरी करायची आणि पुढे तिथेच म्हातारपण काढायचं, हा बेत चांगला की वाईट यावर मला भांडायचं नाही. पण ‘आपल्या दोघांना कुठे सुखाने राहता येईल’ एवढ्याच प्रश्नावर तो उभा असेल, तर तो कच्चा आहे. कारण त्याची शेवटची वर्षं दोघांची नसतातच. जे मागे राहील त्याला, एकट्याला, ऐंशीव्या वर्षी तिथे निभावता येईल का, यावर बेत पारखायला हवा. आणि ‘त्याला’ हे आपलं बोलायची सोय म्हणून. बहुतेक वेळा ती ‘ती’ असते. आपल्याकडे नवरा तीन-चार वर्षांनी मोठा असायची रीत, त्यात बायका पुरुषांपेक्षा जास्त जगतात. दोन्ही धरलं तर सहा-सात वर्षांचं एकटेपण हा दुर्दैवाचा घाला उरत नाही, ते बेताचंच शेवटचं प्रकरण होतं. ज्या फाइलमध्ये महागाईचा दर दशांशापर्यंत धरलेला असतो, तिच्यात या प्रकरणासाठी एक ओळ नसते.

आपल्या इतिहासात याचा दाखला आहे, आणि तो चांगलाच महागात पडलेला आहे. परमुलखात पेन्शनवर राहिलेला सगळ्यात नामांकित मराठी माणूस म्हणजे दुसरा बाजीराव. १८१८ च्या जूनमध्ये तो ईस्ट इंडिया कंपनीच्या माल्कमच्या स्वाधीन झाला, वर्षाला आठ लाख रुपये ठरले आणि पुण्यापासून शेकडो कोस दूर, कानपूरजवळ ब्रह्मावर्ताला त्याने बिऱ्हाड थाटलं. त्याच्याविषयी आपण काहीही म्हणू, पण निवृत्त माणूस म्हणून त्याने काही कमी केलं नाही. गंगेचा काठ, आश्रित, ब्राह्मणभोजनं, स्नानसंध्या, आणि पेन्शन वेळच्या वेळी. तेहेतीस वर्षं. एकूण अडीच कोटींच्या वर रक्कम झाली. १८५१ मध्ये तो गेला आणि कंपनीने पेन्शन बंद केलं. करार त्याच्या जिवाशी होता, घराशी नव्हता, आणि एवढं मिळालं त्यात त्याने मागच्यांसाठी पुरेसं ठेवलंच असेल की, असा कंपनीचा सूर. दत्तक नानासाहेबाने अर्ज केले, अझिमुल्लाखानाला थेट लंडनला पाठवलं, उपयोग शून्य. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. १८५७ ची कारणं एका पेन्शनमध्ये कोंबायचा माझा इरादा नाही. पण करार करताना बाजीरावाने ‘माझ्यानंतर काय’ हे कलम घट्ट करून घेतलं नाही, आणि त्या एका न लिहिलेल्या ओळीचा हिशेब मागे राहिलेल्यांना द्यावा लागला, एवढं तर खरं? आज अॅन्युइटी, म्हणजे एकरकमी पैसे भरून मिळणारं पेन्शन, घेताना ‘फक्त माझ्या हयातीपर्यंत’ आणि ‘माझ्यानंतर जोडीदारालाही’ अशा दोन खुणांपैकी पहिल्यावर टिक करणारे, कारण तिथे महिन्याला थोडे जास्त मिळतात, ते मला ब्रह्मावर्तकरच वाटतात.

परदेशातल्या जोडप्याचा पायाच मुळी बहुतेक वेळा एका नावावर असतो. व्हिसा एकाचा, दुसरा त्याच्या शेपटाला. अमेरिकेत एच-वन-बीवाल्याची बायको एच-फोरवर येते. २०१५ च्या मे महिन्यापर्यंत तिला नोकरीची परवानगीच नव्हती, आणि त्यानंतरही ती मिळते ती नवऱ्याचं ग्रीन कार्डचं प्रकरण एका टप्प्याच्या पुढे गेलं असेल तरच. नोकरीच्या वाटेने वर्षाला साधारण एक लाख चाळीस हजार ग्रीन कार्डं, त्यात कुठल्याही एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा, आणि रांगेत भारतीय लाखोंनी. म्हणजे ही ‘तात्पुरती’ अवस्था पंधरा-वीस वर्षं टिकते. तेवढ्यात मुलं एकवीस वर्षांची होऊन आईबापांच्या अर्जातून गळून पडतात. या काळात नवरा गेला तर? २२ फेब्रुवारी २०१७ ला कॅन्ससमधल्या ओलेथ गावात श्रीनिवास कुचिभोतला या तरुण इंजिनिअरला एका माथेफिरूने गोळी घातली. बातमी सगळ्यांनी वाचली. तिच्या पोटातली दुसरी बातमी कमी लोकांच्या लक्षात राहिली: नवऱ्याबरोबर त्याच्या पत्नीचा, सुनयना दुमाला यांचा, त्या देशात राहण्याचा आधारही गेला. अंत्यसंस्कारासाठी हैदराबादला आल्यावर आपण आपल्याच घरी परत जाऊ शकू की नाही, हे त्यांना ठाऊक नव्हतं. तिथल्या एका लोकप्रतिनिधीने खटपट केली, देशभर हळहळ होती, म्हणून वाट निघाली. साध्या हृदयविकाराने गेलेल्या माणसाच्या बायकोसाठी कोण खटपट करतो?

‘हे कच्च्या व्हिसावाल्यांचं झालं, आमचं सगळं पक्कं आहे’ असं म्हणणारे भेटतात. त्यांच्यासाठी दोन गोष्टी. पहिली अमेरिकेतली. नोकरी करून, पैसे तिथल्या शेअरांत ठेवून, ग्रीन कार्ड परत करून पुण्याला येऊन राहिलेल्या माणसाला वाटतं, आता अमेरिकेचा आपला संबंध डिव्हिडंडपुरता. पण अमेरिकेत न राहणारा बिगर-नागरिक मेला तर त्याच्या तिथल्या शेअरांवर वारसा-कर लागू होतो आणि त्यातली सूट फक्त साठ हजार डॉलरची असते. त्याच्यावरच्या रकमेवर दर चढत चढत चाळीस टक्क्यांपर्यंत जातो. तिथल्या नागरिकाला हीच सूट कोटीच्या वर डॉलर आहे, म्हणून तिथल्या गप्पांत हा विषय निघतच नाही. इकडे भारतात मृत्युकर १९८५ मध्येच रद्द झालेला, म्हणून आपल्या डोक्यातही येत नाही. दोन्ही देशांत तसा काही करार नाही. थोडक्यात, नवऱ्याने आयुष्यभर घडवलेला घडा बायकोच्या हातात येईपर्यंत त्याला भोक पडलेलं असतं, आणि ते कुठे पडलंय हे सांगणारा माणूस नुकताच गेलेला असतो.

दुसरी इंग्लंडची. तिथलं सरकारी पेन्शन पूर्ण मिळायला पस्तीस वर्षांची वर्गणी लागते. २०२५-२६ मध्ये ते आठवड्याला सुमारे २३० पौंड होतं. ते भारतात राहूनही मिळतं, पण जिथल्या तिथे गोठतं. इंग्लंडमधल्या म्हाताऱ्याचं दरवर्षी वाढतं, कोल्हापुरात येऊन राहिलेल्याचं पहिल्या दिवशीच्या आकड्यावर थांबतं, मग तो वीस वर्षं जगो. शिवाय २०१६ नंतरच्या पद्धतीत ज्याच्या नावावर वर्गणी त्याचं पेन्शन; नवऱ्याच्या नोंदीवर बायकोला मिळायची जुनी सोय जवळजवळ गेली. मुलं वाढवत घर सांभाळणारीच्या नोंदीत खाडे पडलेले असतील तर ते तिचे तिने भरायचे. जर्मनीत याउलट विधवेला नवऱ्याच्या पेन्शनचा साधारण पंचावन्न टक्के हिस्सा मिळू शकतो आणि भारताशी त्यांचा पेन्शनच्या वर्गण्यांविषयीचा सामाजिक सुरक्षा करारही आहे. सांगायचं एवढंच की ‘परदेश’ नावाचा एक देश नाही. पगार विचारताना आपण देशादेशांत फरक करतो. विधवेचा हक्क विचारताना का नाही?

भारताचे असे करार बेल्जियम, फ्रान्स, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, जपान धरून बऱ्याच देशांशी आहेत. जिथे आपली सगळ्यात जास्त इंजिनिअर मंडळी वर्गणी भरतात त्या अमेरिकेशी नाही. तिथे साधारण दहा वर्षांची वर्गणी पुरी झाली नाही तर भरलेलं बुडालं. पुरी झाली तर भारतात बसूनही पेन्शन मिळतं, पण बायको तिथली नागरिक नसेल तर तिचा हिस्सा भारतात मिळायला तिने स्वतः अमेरिकेत साधारण पाच वर्षं राहिलेलं असावं लागतं. सासूच्या आजारपणासाठी ती दोन वर्षांतच परत आली असेल तर? आपल्याकडे या कराराची मागणी होते तेव्हा कंपन्यांचे किती पैसे वाचतील याची चर्चा होते. २०२५ मध्ये ब्रिटनशी ठरलं तेही तात्पुरत्या पाठवलेल्या नोकरदारांना तीन वर्षं दोनदा वर्गणी भरावी लागू नये एवढंच. मागे राहणारीला काय, हा मुद्दा कुणी टेबलावर ठेवल्याचं माझ्या तरी कानावर नाही.

कायदे एकवेळ वकील सांगेल. घरातल्या कामाच्या वाटणीचं काय? माझी मावशी एकतीस वर्षं न्यू जर्सीत. काकांनी टॅक्स भरायचा, हायवेवर गाडी चालवायची, बर्फ उपसायचा, बँका सांभाळायच्या. मावशीने बाकीचं सगळं, म्हणजे खरं तर आयुष्य. ती गाडी चालवते, पण किराणा दुकान, देऊळ आणि मंडळाचा हॉल एवढीच. काका जानेवारीत गेले. महिन्याभराने मावशीने विचार केला की आता दोन फोन कशाला, आणि काटकसरी स्वभावाने काकांचा नंबर बंद करून टाकला. त्या नंबरवर सगळ्या खात्यांचे कोड येत होते. पुढचे पाच महिने ती आपल्याच पैशांच्या दारात उभी होती. मृत्यूचा दाखला, लग्नाचा दाखला, त्यावरचं माहेरचं नाव वेगळं, मधलं नाव एकीकडे पूर्ण आणि दुसरीकडे नुसतं अक्षर. इकडे पुण्याच्या फ्लॅटचं मुखत्यारपत्र काकांनी एकट्याने भावाच्या नावे करून ठेवलेलं. देणारा गेला की मुखत्यारपत्र संपतं, हे भावालाही माहीत नव्हतं. भाडेकरू मात्र हुशार निघाला. यात कुणी खलनायक नाही. काका प्रेमळ होते, व्यवस्थित होते, त्यांच्या फायलींवर रंगीत चिठ्ठ्या होत्या. सगळी व्यवस्था ‘मी आहे’ हे धरून केलेली होती, इतकंच.

आता दुसऱ्या बाजूचं ऐकू. त्यांच्यातला सगळ्यात वजनदार मुद्दा परत न येणाऱ्यांचा नाही, परत न येणाऱ्या बायकांचा आहे. एक मैत्रीण मला म्हणाली, “तुझं सगळं मान्य, पण विधवा म्हणून मला कुठे राहायला आवडेल? जिथे मंगळसूत्र नाही म्हणून कुणी बघत नाही तिथे.” यावर काय बोलणार? २०२२ च्या मे महिन्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, जोडवी काढणं अशा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्यभर तिचं कौतुक झालं. कौतुक योग्यच. पण एकविसाव्या शतकात त्यासाठी ठराव करावा लागतो, यातच तिच्या म्हणण्याचा पुरावा आहे. हळदीकुंकवाला न बोलावणं, मुंजीत मागच्या रांगेत बसवणं, ‘आता तुला कशाला प्रवास’ असं मायेने म्हणणं, हे पुण्या-मुंबईच्या शिकल्यासवरल्या घरांतही अजून आहे. परत येण्याचं गाणं गाणाऱ्या पुरुषांनी हे कडवं वगळलेलं असतं.

म्हणून मी तिच्याशी वाद घातला नाही. तिला एवढंच विचारलं, की ते स्वातंत्र्य त्या देशाचं आहे की तुझं? तिच्या बाबतीत तिचंच होतं: स्वतःची नोकरी, स्वतःच्या नावावरची पेन्शनची नोंद, मंडळाबाहेरच्या तीन जिवलग मैत्रिणी, रात्री अकराला एकटीने विमानतळावरून घरी यायची सवय. मावशी त्याच राज्यात राहते. मावशीला ते स्वातंत्र्य मिळालेलं नाही, कारण ते विमानतळावर उतरल्यावर हातात देत नाहीत. ते तीस वर्षं वापरत राहिल्याने होतं. माझा प्रश्न मैत्रिणीला विचारला तर उत्तर ‘तिथेच राहा’ असं येतं, मावशीला विचारला तर दुसरं येतं. प्रश्न उपयोगी आहे तो याचसाठी. देशभक्तीचा प्रश्न विचारला की दोघींना एकच उत्तर मिळतं आणि एकीच्या बाबतीत तरी ते चुकतं.

दुसरा मुद्दा दवाखान्यांचा आणि मुलांचा. दहा मिनिटांत अँब्युलन्स, पासष्टीनंतर मेडिकेअर हा अमेरिकेतला सरकारी आरोग्य विमा, मुलगा चाळीस मैलांवर. यातली अँब्युलन्स मी विनातक्रार मान्य करते. मेडिकेअर हॉस्पिटलचं बघते, पण वर्षानुवर्षं अंघोळ घालायला, भरवायला, उठवून बसवायला माणूस लागतो त्याचा खर्च ती देत नाही. आणि भारतात येऊन पडलात तर सहसा काहीच देत नाही. म्हातारपणाचा मोठा खर्च ऑपरेशनचा नसतो, हात धरण्याचा असतो. एकाला दुसरा असतो तोवर तो हात फुकट असतो. दुसऱ्याच्या वेळी तो विकत घ्यावा लागतो. मुलाचं म्हणाल तर ज्या अर्थव्यवस्थेने आपल्याला नाशिकहून न्यू जर्सीला नेलं तीच त्याला न्यू जर्सीहून टेक्ससला नेते. आपण आपल्या आईला ‘नोकरी आहे गं’ म्हणालो होतो. तो तेच म्हणेल, फक्त इंग्रजीत.

आणि भाषेचं एक राहिलंच. स्मृतिभ्रंशात नंतर शिकलेली भाषा आधी निसटते आणि माणूस लहानपणीच्या बोलीवर येतो, असं अशा रुग्णांची काळजी घेणाऱ्यांना अनेकदा दिसतं. चाळीस वर्षं इंग्रजीत मीटिंगा गाजवलेली बाई पंच्याऐंशीव्या वर्षी नर्सला ‘जरा कोमट दे गं’ म्हणेल तेव्हा तिथे कोण समजून घेणार? जोडीदार आहे तोवर घरात एक तरी मराठी माणूस असतो. तो गेल्यावर त्या घरातली मराठी एका माणसाची होते, आणि एका माणसाची भाषा म्हणजे पुटपुटणं. इस्रायलमध्ये गेलेल्या कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंनी ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक चालवलं, ते मला या बाबतीत फार शहाणपणाचं वाटतं. ती माणसं परत येण्यासाठी गेली नव्हती, वचनभूमीत गेली होती. तरी बोलायला माणसं राहतील अशी तजवीज त्यांनी केली. उत्तर अमेरिकेतल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाने ज्येष्ठांसाठी ‘उत्तररंग’ सुरू केलं तेही याच जाणिवेतून असावं. अधिवेशनात नाटक कुठलं आणायचं यावर होते तेवढी चर्चा त्यावरही व्हावी.

पण याचा अर्थ परतवाद्यांचं बरोबर, असा नाही. ‘आपली माणसं’ म्हणून ते ज्यांच्याकडे बोट दाखवतात ती माणसंही म्हातारी झालीत. १९९८ साली सोडलेलं डोंबिवली २०३५ साली तिथे नसेल. माझ्या इमारतीत बारापैकी तीन फ्लॅट अशा जोडप्यांचे आहेत. मेंटेनन्स वेळेवर येतो, दिवाळीत दारात पणतीही कुणी तरी लावतं, आत वीस वर्षं कुणी राहिलेलं नाही. त्यात एक ऐंशी वर्षांची बाई एकटी येऊन राहिली तर शेजार म्हणून तिला कोण ओळखणार? मी ओळखेन कदाचित, पण तेव्हा मीही ऐंशीची. मुंबईचा गिरणीतला चाकरमानी म्हातारपणी कोकणात परत जात असे ते जमायचं, कारण त्याची बायको त्या घरातून कधी हललीच नव्हती. शेत तिने लावलं, सासू तिने सांभाळली, भावकीतली भांडणं तिने अंगावर घेतली. चाळीस वर्षांच्या विरहाची किंमत तिने दिली आणि त्या बदल्यात तो गेल्यावर ती आपल्या गावात होती. ती पद्धत मला परत नको आहे. त्यात बाईच्या वाट्याला काय होतं ते सांगायला नको. पण परत जायची जागा कुणी तरी सतत राहती ठेवावी लागते, हे तिच्याकडून शिकायचं. आजही आखातात काम करणाऱ्या रत्नागिरीकडच्या कितीतरी घरांत हीच रचना आहे. तिथे कितीही वर्षं राहिलं तरी बहुतेकांचा राहण्याचा परवाना नोकरीला बांधलेला, म्हणून ते लोक पहिल्या पगारापासून गावचं घर बांधायला घेतात. पांढरपेशे त्यांना हसतात, पण मागे राहणारीचा पत्ता त्यांनी आधीच ठरवलेला असतो.

पैशाच्या बाजूने परतवाद्यांचा एक लाडका मुद्दा आहे: डॉलर कमवा, रुपयात खर्च करा. आजवर हे खरं ठरलं. १९९० मध्ये डॉलर सतरा-अठरा रुपयांना होता, २०२५ संपताना नव्वदच्या घरात. पण आता उलटी वाहतूकही सुरू आहे. पुण्यात नोकरी करून निवृत्त झालेले, मुलाजवळ मेलबर्नला किंवा टोरांटोला राहायला निघालेले, प्रॉव्हिडंट फंड आणि फ्लॅटची विक्री एवढ्या भांडवलावर. त्यांनी इथल्या इंग्रज साहेबांची कथा वाचावी. १८७० च्या सुमारास चांदीचा रुपया म्हणजे जवळपास दोन शिलिंग. चांदी घसरत गेली तशी १८९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत त्याची किंमत सव्वा शिलिंगाच्याही खाली आली. इथे पगार तोच, रुबाब तोच, आणि तिकडे इंग्लंडात चेल्टनहॅममध्ये मुलांच्या शाळेसाठी राहिलेल्या मडमेच्या हातात पडणारे पौंड निम्म्याजवळ आलेले. ज्या नाण्यात खर्च त्या नाण्यात पाया हवा. आणि खर्च कुठल्या नाण्यात, हे मागे राहणारं माणूस कुठे राहील यावर ठरतं. म्हणजे पुन्हा तोच प्रश्न, आणि तो आधी सोडवल्याशिवाय गुंतवणुकीचा एकही आकडा भरता येत नाही.

तिसरा आक्षेप चर्चेत कुणी उघड घेत नाही, पण टेबलावर शांतता पसरते तेव्हा तोच बोलत असतो: सणासुदीला काय हे अभद्र. मला हे खरंच कळत नाही. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढ्यांना यात काही अभद्र वाटत नसे. काशीला निघालेला म्हातारा देणी फेडून, वाटण्या करून, सगळ्यांच्या पाया पडून निघायचा, कारण परत येण्याची खात्री नसायची. मरणाविषयी इतकं रोखठोक बोलणारी भाषा आपली. ‘माझ्यामागे’ हा शब्दच बघा: ‘माझ्या पाठीशी’ आणि ‘मी गेल्यावर’ हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात. एवढी सोय असून आपण नवरा-बायको एकमेकांना ते वाक्य बोलत नाही, आर्थिक सल्लागाराला बोलायला लावतो, आणि तो बिचारा इंग्रजीत बोलतो.

मग करायचं काय? माझ्याकडे तक्ता नाही. एक सूचना आहे आणि ती ऐकून आमच्या घरातच आधी कपाळाला आठ्या पडल्या होत्या: एकट्याची रंगीत तालीम. ज्या शहरात म्हातारपण काढायचं ठरवताय तिथे दोघांपैकी एकाने महिनाभर एकट्याने राहायचं. दुसऱ्याने फोनवर फक्त ख्यालीखुशाली विचारायची, ‘वायफायचा पासवर्ड काय’ याला उत्तर द्यायचं नाही. मग अदलाबदल. आम्ही ती केली. माझा नवरा अठराव्या दिवशी हरला. पैसे, गाडी, कागदपत्रं यांत त्याचं कुठेच अडलं नाही. अडलं ते असं, की त्या गावात त्याच्याशी बोलणारी सगळी माणसं माझ्या ओळखीची होती. म्हणजे मागे राहणारी नेहमी बाईच आणि अडचणीत येणारी नेहमी तीच, हा माझा सिद्धांतही तिथे थोडा लंगडा पडला, हे कबूल करायला हवं. पुरुष मागे राहिले तर त्यांचे कागद नीट असतात आणि दारावरची घंटा वाजत नाही.

दिवाळीच्या त्या चार जोडप्यांपैकी एक सिएटलचं होतं. तो दापोलीजवळ प्लॉट बघत होता, बिगरशेती, कारण परदेशी नागरिकत्व घेतल्यावर शेतजमीन विकत घेता येत नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याच्या फाइलला एकोणीस टॅब आहेत. पाणी, विहीर, इन्व्हर्टर, जवळचं हॉस्पिटल, साठीनंतर इथली आरोग्य विमा पॉलिसी घेतली तर आधीच्या दुखण्यांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं म्हणून ती आत्ताच कशी घ्यायची, सगळं. मी विचारलं, “आणि तू आधी गेलास तर ही तिथे राहील?” तो म्हणाला, “म्हणजे काय, तिच्यासाठीच तर समुद्र दिसणारा प्लॉट बघतोय.” ती चकलीचा तुकडा हातात घेऊन बसली होती. म्हणाली, “मी? एक दिवस नाही राहणार. मी सिएटलमध्येच राहीन, आपल्या वाचनालयाच्या मागच्या गल्लीत एक खोलीचं घर घेऊन. मी बघूनही ठेवलंय.”

तो तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने विचारलं, “कधी बघितलंस?” आणि ती म्हणाली, “तीन वर्षं झाली.”